शिडाच्या बोटीने मुंबई ते गोवा : गजबजलेल्या पाण्यातून जाताना

कृष्णाकाठ, सांगली

आमच्या सांगली-मिरजेतल्या काही मित्रांनी येत्या हिवाळ्यात शिडाच्या बोटीने मुंबईहून गोव्याला जाण्याचे ठरवले आहे. कृष्णेच्या पात्रात होडी वल्हवण्याचा सराव त्यांतल्या बहुतेकांना लहानपणापासून आहे आणि वारा व पाण्याची ओढ त्यांना चांगली कळते. परंतु सागरी वाहतूक नदीवर शिकायला मिळत नाही. हा प्रवास मी एका परिचिताच्या बोटीवर खलाशी म्हणून केलेला असल्यामुळे त्यांनी माझ्याकडे विचारणा केली. प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा येथे लिहिले तर जाणकारांना त्यात भर घालता येईल आणि चुकले असेल तर दुरुस्तही करता येईल, म्हणून हा धागा काढत आहे.

बोट सुमारे पस्तीस फुटांची, एका डोलकाठीची होती. पुढे जिब व मागे मेनसेल ही दोन शिडे आणि बंदरात शिरताना उपयोगी पडेल असे लहान डिझेल इंजिन, इतकी तिची सामग्री. मुंबई ते पणजी हे अंतर समुद्रमार्गे साधारण सव्वादोनशे सागरी मैल भरते आणि ताशी पाच मैलांच्या सरासरीने, न थांबता गेल्यास, ते दोन दिवसांच्या आत कापता येते. ऋतूही अनुकूल असतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा धरतो, आणि दक्षिणेकडे निघालेल्या बोटीला तो उजव्या बाजूने, किंचित मागून मिळतो. त्यामुळे वाऱ्यापेक्षा गर्दीचा विचार अधिक करावा लागतो.

मुंबई बंदर आणि १९८९ पासून सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर यांच्याकडे जाणारी मोठी जहाजे एकाच मुखातून आत येतात. त्याच पाण्यात मांडव्याच्या फेऱ्या, घारापुरीच्या लाँच, रो-रो, नौदलाच्या नौका, धरमतर खाडीकडे जाणारे बार्ज आणि कोळीवाड्यांच्या होड्या असतात. या सगळ्यांतून लहान बोट नेताना एकच गोष्ट कटाक्षाने सांभाळावी असे माझे मत झाले आहे. आपण पुढे काय करणार आहोत हे समोरच्याला लांबूनच आणि निःसंदिग्धपणे कळले पाहिजे. वाट कोणाची, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू आहेत. त्यांतला अठरावा नियम सांगतो की इंजिनावर चालणाऱ्या जहाजाने शिडाच्या बोटीला वाट द्यावी. नवख्या मंडळींच्या ध्यानात हाच नियम पक्का बसतो, परंतु त्याच नियमावलीतला नववा नियम असे म्हणतो की अरुंद जलमार्गातच ज्याला सुरक्षितपणे जाता येते अशा जहाजाच्या वाटेत शिडाच्या बोटीने किंवा २० मीटरपेक्षा लहान बोटीने अडथळा आणू नये. मुंबई बंदराचा गाळ काढून खोल केलेला जलमार्ग तसाच आहे. कंटेनर जहाज त्यातून बाजूला वळले तर गाळात बसेल, आणि आपल्याला मात्र त्याच्या कडा दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांच्या रांगेबाहेरही भरपूर पाणी असते. म्हणून आम्ही पहाटे ओहोटीबरोबर निघालो, बोयांच्या बाहेरून, जहाजांच्या वाटेला समांतर गेलो, आणि ओलांडायची वेळ आली तेव्हा आधी दोन्ही बाजूंना मोकळीक आहे याची खात्री करून काटकोनात ओलांडले. तिरकस ओलांडल्याने त्या वाटेत जास्त वेळ जातो, शिवाय दुरून पाहणाऱ्याला आपण ओलांडत आहोत की तिच्यातूनच चाललो आहोत याचा उलगडा होत नाही.

नांगरून पडलेल्या जहाजांविषयीही येथेच सांगतो. ओढ जोरात असताना जहाज नांगरावर प्रवाहाकडे तोंड करून राहते, आणि त्याच्या तोंडापुढून जाऊ पाहणाऱ्या लहान बोटीला वारा पडला तर तोच प्रवाह थेट नांगराच्या साखळीवर नेऊन घालतो. अशा जहाजाच्या मागूनच जावे. पुढून दहा मिनिटे वाचतात, हा हिशेब करू नये.

आता एक प्रसंग जरा तपशिलाने लिहितो, कारण आमच्या मंडळींना नेमके हेच समजून घ्यायचे आहे. खांदेरीचे दीपगृह केव्हाच मागे पडले होते, अंधार झाला होता, वायव्येचा वारा बारा-तेरा नॉट (ताशी सागरी मैल) होता आणि आमचा रोख १७० अंशांवर, म्हणजे जवळजवळ दक्षिणेकडे होता. उजव्या हाताला, पुढच्या बाजूस दोन पांढरे दिवे दिसू लागले. त्यांतला मागचा दिवा वर, पुढचा खाली आणि दोघांमधले आडवे अंतर अगदी थोडे, म्हणजे जहाजाचे तोंड जवळजवळ आमच्याकडेच होते. थोड्या वेळाने खाली तांबडा दिवा दिसला, म्हणजे त्याची डावी बाजू आमच्याकडे होती. हातातल्या होकायंत्रावर त्याची दिशा घेतली ती २१३ अंश आली. तीन मिनिटांनी पुन्हा घेतली, तीही २१३, आणि दिवे मात्र अधिक ठळक झालेले. दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होते आहे, याचा अर्थ धडकेचा संभव आहे. सातवा नियम हेच सांगतो. एआयएसच्या, म्हणजे जहाजांची ओळख, स्थान व वेग रेडिओवरून कळवणाऱ्या यंत्रणेच्या, पडद्यावर जहाज चार मैलांवर आणि त्याचा वेग सोळा नॉट दिसत होता.

नियमाने वाट त्याने द्यायची होती. परंतु ते बंदराच्या मुखाकडे चालले होते, त्याच्या पुढ्यात आणखी वाहतूक होती, आणि चार मैल म्हणजे दोघांच्या मिळून वेगाने बारा-तेरा मिनिटे. तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) दोन्ही शिडे आवळायला सांगितली आणि बोट साठ अंश उजवीकडे, २३० वर वळवली. वारा आता बरोबर आडवा मिळत होता, त्यामुळे वेग टिकला. पुढच्या वाचनात जहाजाची दिशा २०८ आली, मग २००, मग १८५; ते आमच्या डाव्या हाताने, मैलभर दुरून, शांतपणे निघून गेले. दहा-पंधरा अंशांची वळणे थोड्या थोड्या वेळाने घेतली असती तर त्या जहाजावरच्या अधिकाऱ्याला ते लाटांमुळे होणारे डोलणेच वाटले असते. आठवा नियम कृती वेळेवर आणि सहज लक्षात येईल इतकी मोठी असावी असे सांगतो, त्याचे कारण हे आहे.

जाळ्यांचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. त्यावर किनाऱ्यावरच्या माणसांनी लिहावे.

—

खटावकर, सातारा

मी व्यापारी जहाजांवर अधिकारी म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गावी स्थायिक झालो. कृष्णाकाठ यांनी वळणाविषयी लिहिलेले सर्व मला मान्य आहे. परंतु जहाजाच्या पुलावरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या उंच कक्षातून, लहान बोट कशी दिसते हे लिहिल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही.

पहिली गोष्ट दिव्यांची. १२ मीटरपेक्षा लहान बोटीच्या तांबड्या-हिरव्या दिव्यांना नियमाप्रमाणे १ सागरी मैलावरून दिसण्याइतकीच ताकद असावी लागते. सोळा नॉटचे जहाज एक मैल पावणेचार मिनिटांत कापते. पस्तीस फुटी बोटीचे दिवे किनाऱ्याच्या झगमगाटापुढे दोन मैलांवरून ओळखू आले तर ते नशीब समजावे. म्हणजे तुम्ही चार मैलांवर वळलात तेव्हा तुमचे वळण त्या अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले नाही. पाहिले असेल तर पडद्यावर. लहान बोटींवरचा साधा वर्ग ब एआयएस आपली स्थिती दर ३० सेकंदांनी कळवतो, त्यामुळे वळण तेथेही थोडे उशिराच उमटते. रडारचे म्हणाल तर फायबरची बोट त्यावर फार क्षीण उमटते आणि लाटांच्या ठिपक्यांत हरवून जाते. डोलकाठीवर रडार परावर्तक (रडारच्या लहरी परत फेकणारे साधन) उंच बांधा, ही माझी पहिली सूचना.

दुसरी गोष्ट पुढच्या आंधळ्या पट्ट्याची. डेकवर कंटेनर रचलेले असताना जहाजाच्या पुढे जहाजाच्या लांबीच्या दुप्पट किंवा ५०० मीटर, यांपैकी जे कमी असेल तितके पाणी पुलावरून न दिसणे नियमाला मान्य आहे. तेवढ्या अंतरात तुम्ही आलात तर तुम्ही कोणाच्याच नजरेत नाही. आणि थांबवण्याची अपेक्षा तर करूच नका. आपल्याकडे गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर उतारावरून येताना पाहून आपण कडेला होतो, तो ब्रेक लावील या भरवशावर राहत नाही. भरलेल्या जहाजाला पूर्ण वेगातून थांबायला मैलाहून अधिक पाणी लागते.

अनुभवी, मोठी आणि सर्व यंत्रणा असलेली जहाजेसुद्धा बंदराच्या मुखाशी एकमेकांवर आदळतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडली, तिच्यावरचे कंटेनर समुद्रात पडून तरंगू लागले आणि तेल सांडले. तरंगते कंटेनर वाटेत येऊ नयेत म्हणून बंदराची वाहतूक काही दिवस थांबवावी लागली होती. तेथे दोन्हीकडे प्रशिक्षित माणसे होती, हे तुमच्या मंडळींनी ध्यानात ठेवावे.

एका बाबतीत मात्र मतभेद नोंदवतो. अठराव्या नियमाचे महत्त्व तुम्ही थोडे कमी लेखले आहे. मोकळ्या समुद्रात, लांबच्या अंतरावर, आपल्याला वाट मिळणार असेल तर रोख आणि वेग कायम ठेवणे हे आपले कर्तव्यच आहे. सतरावा नियम तसेच सांगतो. शिडाची बोट दिसली म्हणून मी वळायला निघालो आणि त्याच क्षणी तीही वळली, असे प्रसंग मी पाहिले आहेत. वळायचे असेल तर तुम्ही वळलात तसे पुरेशा दुरून वळा, जेणेकरून धडकेचा प्रश्नच उभा राहणार नाही. मध्येच, दोन मैलांवर, मन बदलू नका.

—

मिरजेची सून

मी या गटात आहे आणि समुद्रावर पहिल्यांदाच जाणार आहे. दोन शंका आहेत. पहिली अशी की रात्री चहूकडे दिवे दिसत असतील तेव्हा नवख्या माणसाने आधी कशाकडे पाहावे? दुसरी अशी की व्हीएचएफ रेडिओवरून जहाजाशी सरळ बोलून घेतले तर हे सगळे अंदाज बांधण्याची गरज उरते का? शिवाय बोट लागण्याचा त्रास होतो का, तेही कळवावे.

—

कृष्णाकाठ, सांगली

खटावकर, सतराव्या नियमाविषयीचे तुमचे म्हणणे मान्य करतो आणि आमच्या टिपणांत ते तुमच्याच शब्दांत उतरवून घेतो.

ताई, रात्री पाहण्याचा क्रम मी सांगतो तो आम्ही बोटीवर पाळलेला आहे. आधी हलणारे दिवे आणि न हलणारे दिवे वेगळे काढायचे. दीपगृहाचा दिवा ठराविक वेळाने चमकतो, आणि ते ठराविकपण घड्याळावर मोजून नकाशाशी ताडून पाहता येते. राहिलेल्या दिव्यांपैकी प्रत्येकाची होकायंत्रावर दिशा घ्यायची आणि वहीत वेळेसह लिहायची. तीन-चार मिनिटांनी पुन्हा फेरी करायची. ज्यांची दिशा सरकली ते आपोआप निघून जाणारे आहेत, त्यांना डोक्यातून काढून टाकावे. ज्याची सरकली नाही तोच आपला. इतके केल्यावर वीस दिव्यांतले लक्ष देण्याजोगे दोन किंवा तीनच उरतात आणि भीती पुष्कळ कमी होते. मागे वळून पाहणे मात्र कधी विसरू नये, कारण आपल्यापेक्षा तिप्पट-चौपट वेगाचे जहाज बहुधा मागूनच येते. मागून गाठणाऱ्याने वाट द्यायची, हा नियम आहे. तरी त्याने आपल्याला पाहिले आहे का हे पाहणे आपल्या हाती आहे.

टेहळणी करणाऱ्याने पाळी संपेपर्यंत मोबाइलचा पडदा पाहू नये, ही बोटीवरची शिस्त होती. अंधाराला सरावलेली नजर एका उजेडाने जाते आणि परत यायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. नकाशा पाहायचा तर तांबड्या विजेरीने. आमच्या दोन-दोन माणसांच्या पाळ्या होत्या, आणि पाळी बदलताना नवीन माणसाला सर्व दिवे एकेक करून दाखवल्याशिवाय जुन्याने खाली जायचे नाही, असे ठरले होते.

बोट लागते. सगळ्यांना नाही, पण पहिल्या दिवशी बहुतेकांना. वर बसावे, क्षितिजाकडे पाहावे, आलेपाक खिशात ठेवावा, आणि गोळी घ्यायची तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावी. व्हीएचएफचे उत्तर खटावकरांनी द्यावे.

—

खटावकर, सातारा

चॅनल १६ सतत ऐकत राहावे. संकटाची हाक आणि पहिला संपर्क त्यावरच होतो, आणि बंदराजवळ त्यावरून कोण कोठे चालले आहे याचा पुष्कळ उलगडा होतो. परंतु धडक टाळण्याचे मुख्य साधन म्हणून रेडिओवर विसंबू नका. ‘माझ्या उजवीकडच्या जहाजा’ अशी हाक दिली तर तिघांच्या उजवीकडे जहाजे असतात आणि उत्तर भलताच देतो. तुम्ही ज्याच्याशी बोललात तो वेगळाच आणि समोरून येणारा वेगळाच, असे झाल्याने अपघात घडलेले आहेत. एआयएसवर जहाजाचे नाव दिसत असेल तरच नावाने हाक मारा, आपले स्थान सांगा, आपण काय करणार तेवढे एका वाक्यात सांगा, आणि तोंडी ठरलेले नियमांच्या विरुद्ध जात असेल तर ते स्वीकारू नका. बोलण्यात तीन मिनिटे गेली तर पाऊण मैल गेला.

संकटकाळी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलवरूनही लागतो, परंतु किनाऱ्यापासून दूर रेंज जाते, म्हणून व्हीएचएफला पर्याय नाही.

—

पलूसकर

माझे मत थोडे वेगळे आहे. मुंबई बंदरातून बाहेर पडेपर्यंत शिडे गुंडाळून इंजिनावरच जावे. हौस पुढे आहेच. वारा पडला किंवा फिरला तर शिडाची बोट जलमार्गाच्या मधोमध अडकते, आणि त्या वेळी इंजिन सुरू करायला जाल तर बॅटरी उतरलेली निघते. इंजिन आधीपासून चालू असलेले बरे.

शिवाय लाइफ जॅकेटविषयी या धाग्यात कोणीच लिहिलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटून जे झाले ते आमच्या तालुक्याने पाहिले आहे. पोहता येते म्हणून जॅकेट नको, असे म्हणणारा माणूस मी तरी बोटीवर चढू देणार नाही.

—

कृष्णाकाठ, सांगली

जॅकेटविषयी तुम्ही लिहिलेत ते उत्तम केलेत. बोटीवर जॅकेट अंगावरच होते, आणि सूर्यास्तानंतर किंवा डेकवर पुढे जायचे असेल तेव्हा कमरेच्या पट्ट्याची दोरी बोटीला अडकवल्याशिवाय कोणी हलत नसे. रात्री पाण्यात पडलेल्या माणसाचे डोके शंभर मीटरवरून दिसत नाही आणि मागून वारा असताना शिडाची बोट वळवून परत आणायला वेळ लागतो. म्हणून पडायचेच नाही, यासाठी ती दोरी.

इंजिन चालू ठेवण्यास माझी हरकत नाही, आम्हीही जलमार्ग ओलांडताना ते चालू ठेवले होते. परंतु शिडे वर असली तरी इंजिनाने ढकलली जाणारी बोट ही नियमांच्या दृष्टीने इंजिनाची बोट ठरते. तिने दिवसा टोक खाली केलेला काळा शंकू लावायचा असतो आणि रात्री डोलकाठीवर पुढचा पांढरा दिवा. तो लावला नाही तर समोरचा आपल्याला शिडाची बोट समजून वागेल आणि आपण मात्र तसे वागणार नाही. सकाळी शिडे पूर्ण गुंडाळण्याऐवजी मेनसेल वर ठेवावे, असे मला वाटते. उंच पांढरे शीड हे दिवसा सर्वांत लांबून दिसणारे आपले चिन्ह आहे आणि इंजिन बंद पडलेच तर तेच हाताशी येते.

—

जयगडवाले, सध्या मुक्काम सांगली

जाळ्यांविषयी किनाऱ्यावरच्या माणसांनी लिहावे असे वर म्हटले आहे, म्हणून लिहितो. आमचे घराणे मच्छीमारीचे. माझी नोकरी इकडे असली तरी भाऊ अजून नाव घेऊन जातो.

मोठी जहाजे मुंबईच्या मुखाशी आणि नंतर दाभोळ, जयगडसारख्या बंदरांच्या तोंडाशी भेटतील. जाळी मात्र तुम्हांला सबंध वाटेवर भेटतील, म्हणून तयारी त्यांची अधिक ठेवा. मुंबई-रायगडच्या बाजूला डोल असते. हे पिशवीसारखे जाळे प्रवाहाच्या तोंडावर खुंटांना बांधून ठेवतात, आणि त्याची मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालत असल्याने उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या, दिवसांत ती जोरात असते, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, कमी. खुंटाच्या रांगा नकाशात नेमक्या सापडतीलच असे नाही. स्थानिक नाखव्याला (नावेच्या प्रमुखाला) विचारणे हाच मार्ग. दिवसा बोये आणि काळी निशाणे दिसतात.

वाहत्या जाळ्याचे वेगळे. ते पाण्याच्या वरच्या थरात पडद्यासारखे लांबवर सोडलेले असते, एका टोकाला होडी आणि दुसऱ्या टोकाला निशाण किंवा लुकलुकणारा छोटा दिवा. होडी बहुधा आपल्या तोंडाकडून जाळ्याला धरून असते, म्हणून तिच्या मागच्या बाजूने जा. आणि होडीवरचा माणूस विजेरी फिरवून काही दाखवत असेल तर तो तुम्हांला हाकलत नाही, जाळे कोणीकडे आहे ते सांगतो आहे. तो जिकडे उजेड टाकतो तिकडे जाऊ नका. सव्वीसाव्या नियमातही तेच आहे : जाळे १५० मीटरपेक्षा अधिक पसरलेले असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा लावायचा.

ट्रॉलरवर, म्हणजे जाळे ओढत नेणाऱ्या नौकेवर, हिरव्याखाली पांढरा दिवा असतो, इतर मासेमारीला तांबड्याखाली पांढरा. प्रत्यक्षात कधी हे दिवे नसतात आणि कधी डेकवरच्या प्रखर उजेडात ते दिसतच नाहीत. अशा वेळी जो ताशी दोन-तीन मैलांनी हळूहळू, सरळ चालला आहे तो जाळे ओढतो आहे असे धरून त्याच्या मागून भरपूर अंतर सोडून जा. दोन ट्रॉलर शेजारी शेजारी समांतर चाललेले दिसले तर त्यांच्या मधून कदापि जाऊ नका, कारण जाळे दोघांत मिळून एकच असू शकते. मासेमारी करणाऱ्या नौकेला शिडाच्या बोटीनेही वाट द्यायची असते, हे तुमच्या मंडळींना सांगून ठेवा. एक जाळे फाटले तर आमच्या घराचा कितीतरी दिवसांचा खर्च त्यात जातो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पण तेव्हा पावसाळी समुद्रात तुमच्यासारखी बोट नेण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे तुम्ही जेव्हा याल तेव्हा आम्ही पाण्यावर असूच.

—

अजिंक्यतारा

या चर्चेत इतिहासाचा एक धागा जोडतो, कारण तो या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली तेव्हा इंग्रजांनी मुंबईहून जहाजे पाठवून बेटाची रसद तोडण्याचा प्रयत्न केला. मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या वेळी, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून बेटावर पोचत राहिल्या आणि मोठ्या जहाजांना त्यांच्यामागे जाता आले नाही. पुढे १७१३-१४ च्या सुमारास शाहू महाराजांनी ज्यांचे सरखेलपद (आरमारप्रमुखाचे पद) मान्य केले त्या कान्होजी आंग्र्यांच्या गलबतांचेही बळ याच किनाऱ्याच्या आणि खाड्यांच्या ओळखीत होते. कृष्णाकाठ यांनी बोयांच्या बाहेरून जाण्याचा जो सल्ला दिला आहे त्याचे मूळ येथे दिसते. मोठ्याला जेथे पाणी पुरत नाही, तेथे लहानाला त्याच्यापासून धोका नाही. खांदेरीला २०२५ मध्ये आपल्या प्रतापगडासोबत जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आहे, तेव्हा जवळून जाताना मंडळींनी ते बेट जरूर पाहावे.

माझी शंका अशी की उथळ पाणी सुरक्षित म्हणून सबंध प्रवास किनारा धरूनच करावा का? आपल्या महाबळेश्वराहून निघणारी सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, तेथे मुखाशी वाळूचा दांडा आहे असे ऐकतो.

—

कृष्णाकाठ, सांगली

जयगडवाले, तुमच्या प्रतिसादासाठी हा धागा काढल्याचे सार्थक झाले. विजेरीच्या खुणेचा अर्थ तर मलाही इतका स्पष्ट ठाऊक नव्हता.

अजिंक्यतारा, किनारा धरून जाण्याचे मर्यादित फायदे आहेत. जहाजे टळतात, परंतु खडक, वाळूचे दांडे आणि डोल हे सगळे तेथेच असते, आणि दुपारनंतरचा पश्चिमेचा वारा बोटीला किनाऱ्याकडेच रेटतो. इंजिन बंद पडले तर किनाऱ्यापासून दोन मैलांवर विचार करायला फार थोडा वेळ मिळतो. अगदी बाहेरून, पंचवीस-तीस मैलांवरून जावे तर केरळाकडून मुंबईला येणाऱ्या जहाजांच्या वाटेत आपण दिवसरात्र राहतो. आम्ही मधली वाट धरली होती, किनाऱ्यापासून सात ते दहा मैल. दिवसा थोडे आत, रात्री थोडे बाहेर. रात्री बाहेर राहण्याचे कारण जाळी. तरी ती तेथेही असतातच, म्हणून रात्री इंजिन शक्य तितके बंद ठेवावे. शिडावर चाललेली बोट जाळ्यावरून कधी कधी घसरून जाते, इंजिनाचा फिरता पंखा मात्र ते गुंडाळून घेतो. धारदार सुरी आणि पाण्यात पाहायचा चष्मा हाताशी असू द्यावा, पण जाळे कापण्याआधी होडीवाल्याला हाक मारावी. तोच ते बहुतेक वेळा न कापता सोडवून देतो.

बाणकोट आणि दाभोळच्या मुखांशी अनोळखी माणसाने, विशेषतः ओहोटीत आणि अंधारात, शिरूच नये. वाळूचे दांडे दरवर्षी थोडेफार सरकतात.

—

मिरजेची सून

सर्वांचे आभार. आमच्या गटाने काल या धाग्याचे वाचन केले आणि न थांबता जाण्याचा बेत रद्द करून एक मुक्काम जयगडला करायचे ठरवले. तेथे पोचण्याची वेळ कोणती धरावी आणि नांगर टाकल्यावर रात्री पहारा ठेवावा लागेल का?

—

जयगडवाले, सध्या मुक्काम सांगली

वेळ दिवसाउजेडी धरा. तेथे कोळशाची मोठी जहाजे येतात, त्यामुळे त्यांची बोयांची वाट सोडून बाजूने, दुपारी चारच्या आत आलात तर दीपगृह, किल्ला आणि धक्का हे सगळे नीट ओळखू येईल. शास्त्रीच्या मुखाशी ओहोटीला पाणी जोरात बाहेर पडते, म्हणून भरतीबरोबर आत या. उशीर होतो आहे असे वाटले तर बाहेरच मोकळ्या पाण्यात रात्र काढा आणि सकाळी शिरा.

नांगर होड्यांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर टाकू नका. आमच्या नावा पहाटे तीनपासून निघतात आणि अंधारात त्यांना तुमची बोट तेथे अपेक्षित नसते. कोठे जागा मोकळी आहे ते जेटीवर कोणालाही विचारलेत तर दाखवतील. दिवसा पुढच्या बाजूला काळा गोळा आणि रात्री चहूकडून दिसणारा एक पांढरा दिवा लावा. डोलकाठीच्या टोकावरच्या दिव्याखेरीज डेकजवळ, होडीवरच्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, आणखी एक दिवा असला तर फार बरे. वरचा दिवा लांबच्या जहाजाला दिसतो, जवळच्या होडीवाल्याची मान तितकी वर जात नाही. ओढ फिरताना नांगर सुटतो का हे पाहायला एक माणूस जागा ठेवा. तारीख ठरली की येथे कळवा, म्हणजे भावाला सांगून ठेवतो.